थीम पार्कात नोकरी लागली? ट्रेनिंगचे पहिले दिवस असे काढा

नागपूरच्या आजूबाजूची पार्कं फेब्रुवारी-मार्चपासून माणसं घ्यायला लागतात. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागाहून, जून संपत आल्यावर उघडतात. तोवर एप्रिल-मे महिन्यांत अख्ख्या शहराला पाण्यात डुंबण्यावाचून दुसरं काही सुचत नाही. त्यामुळे बारावीचा पेपर संपवून आलेली पोरं, कॉलेजच्या मुली, आधी मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर काम केलेले लोक असे सगळे एकाच ट्रेनिंग हॉलमध्ये बसलेले दिसतात. बहुतेकांना वाटतं, इथं आपल्याला मशीन चालवायला शिकवतील. चालू करायचं बटण अर्ध्या मिनिटात शिकून होतं. बाकीचे सगळे दिवस थांबवायला, थांबून राहायला आणि समोरच्याला न दुखवता ‘नाही’ म्हणायला शिकण्यात जातात. हे आधीच ठाऊक असेल तर ट्रेनिंगमधल्या अर्ध्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

रुजू व्हायच्या आधी

आधार, पॅन, बँकेचं पासबुक, वयाचा दाखला आणि फोटो एका फाइलीत लावून ठेवा. आधी कुठं पीएफ कापला गेला असेल तर जुना यूएएन क्रमांक सोबत न्या, नाहीतर नवीन खातं उघडलं जातं आणि पुढं जुने पैसे काढताना चकरा माराव्या लागतात. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापनेला ईएसआय (राज्य कामगार विमा) लागू असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्याचं कार्ड मागून घ्या. सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय त्यासाठीच आहे, आणि राइडवर काम करणाऱ्याला त्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही.

पुष्कळ भरती ठेकेदारामार्फत होते. नेमणूक पत्रावर पार्कचं नाव आहे की एजन्सीचं, हे आधी वाचा. मग चार प्रश्न न लाजता विचारा: ट्रेनिंगच्या दिवसांचा पगार मिळतो का, ओव्हरटाइमचा दर काय, युनिफॉर्मचे पैसे कापणार का, आणि संध्याकाळी गेट बंद झाल्यावर परत कसं यायचं. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. ही पार्कं अमरावती रोड, वर्धा रोड, हिंगण्याकडच्या बाजूला, शहराबाहेर असतात. मेट्रोची अॅक्वा लाइन लोकमान्यनगरला संपते, त्यापुढं आपला आपणच. स्टाफ बस असेल तर तिची सुटायची वेळ विचारा, कारण हिशोब आणि झाडलोट उरकेपर्यंत ती निघून गेलेली असू शकते. साप्ताहिक सुट्टी रविवारी मिळेल ही आशा मात्र सोडा.

मिरगी, हृदयाचा त्रास, चक्कर येणं, रंगांधळेपणा यांतलं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. लाल-हिरवा दिवा न ओळखता येणारा माणूस राइड चालवायच्या बटणांच्या पॅनेलवर नको, पण तिकीट खिडकीवर किंवा लॉकरवर तो उत्तम काम करतो. वयाची १८ वर्षं पूर्ण नसतील तर राइडवर उभं राहायचा हट्ट धरू नका आणि कुणी उभं करत असेल तर राहू नका.

पहिला दिवस: फॉर्म आणि पायपीट

पहिला दिवस कंटाळवाणा असतो. सह्या, आयकार्ड, एचआरचं भाषण, मग युनिफॉर्मची साइज मिळत नाही म्हणून खोळंबा. त्यातून वेळ काढून पार्कात एकदा स्वतः पायी फिरा आणि वहीत हाताने नकाशा काढा. बाथरूम, पिण्याचं पाणी, लॉकर, प्रथमोपचार खोली, अॅम्ब्युलन्स आत येते ते गेट आणि प्रत्येक विभागाचा मेन स्विच त्यात दाखवा. पाहुणे दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बाथरूमच विचारतात. त्याचं उत्तर बोटानं न दाखवता, अख्ख्या हातानं दिशा दाखवून द्यायला शिकवतात. डिस्नेच्या पार्कांत दोन बोटांनी दाखवतात. पद्धत कुठलीही असो, एका बोटानं दाखवलं की माणसाला हाकलल्यासारखं वाटतं.

डिस्नेकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथं कर्मचाऱ्याला प्राधान्यक्रम पाठ करवून घेतात: आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग शो, शेवटी कार्यक्षमता. अलीकडे त्यात समावेशकता हा पाचवा शब्द आला. ही यादी कुणीही पाठ करेल, मुद्दा तिच्या क्रमाचा आहे. रांग गेटपर्यंत गेली म्हणून पट्टे घाईघाईत तपासले, तर कार्यक्षमता उचलून सुरक्षिततेच्या डोक्यावर ठेवल्यासारखं झालं. आपल्याकडे बहुतेक वेळा असंच होतं, कारण रांग डोळ्यांना दिसते आणि नीट न बसलेला पट्टा दिसत नाही.

वॉकी-टॉकीवरचे कोडशब्दही पहिल्याच दिवशी लिहून घ्या. हरवलेलं मूल, जखमी पाहुणा, आग, भांडण यांसाठी प्रत्येक पार्कचे शब्द वेगळे असतात. आधी दुसरीकडे काम केलेल्यांचा इथंच घोळ होतो.

राइडवर: हात, डोळे, किल्ली

सकाळी गेट उघडण्याआधी मेंटेनन्सवाले बोल्ट, पिना, वेल्डिंग, हायड्रॉलिक तेल, ब्रेक तपासतात. त्यानंतर ऑपरेटर आपली तपासणी करतो, रिकाम्या फेऱ्या काढतो आणि रजिस्टरवर सही करतो. नव्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस नुसतं हे पाहायला लावतात. तेव्हा मोबाइल खिशात ठेवून कान उघडे ठेवा. रिकाम्या फेरीत राइडचा आवाज कसा येतो हे कानात बसलं पाहिजे, कारण बिघाडाची पहिली खबर बहुधा कानालाच लागते. वेगळी खरखर आली, नेहमीपेक्षा जास्त हिसका बसला की राइड बंद करून कळवायचं. ‘कालपण असंच होत होतं’ असं कुणी म्हणालं, तर कालचंही कळवायचं. २०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळची झुलणारी राइड चालू असताना तुटली आणि दोन माणसं गेली. राइडच्या बाबतीत ‘चालते आहे ना, मग चालू दे’ हे वाक्य पार्कात कुणी उच्चारू नये.

पट्टा किंवा लॅप बार (मांडीवरचा दांडा) तपासायची पद्धत एकच ठेवा. सीटांच्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दरवेळी त्याच क्रमाने, प्रत्येक बार हाताने खाली दाबून आणि वर ओढून बघायचा. नुसती नजर फिरवू नका. मध्येच कुणी प्रश्न विचारला तर ‘एक मिनिट हं’ म्हणा आणि तपासणी पूर्ण करा. क्रम तुटलाच तर पहिल्या सीटपासून पुन्हा सुरू करा. दोघांचं काम असेल तर जोडीदाराचा अंगठा वर दिसल्याशिवाय आणि त्याच्या तोंडून ‘ओके’ ऐकल्याशिवाय राइड सोडायची नाही.

सैल वस्तूंचं आपल्या शहरात एक वेगळंच प्रकरण आहे. नागपुरात उन्हाळ्यात मुली डोकं-तोंड स्कार्फने बांधूनच गाडी चालवतात, पोरंही गळ्यात दुपट्टा टाकतात. तसंच बांधून ते राइडच्या रांगेत येतात. स्कार्फ, ओढणी, मोकळे केस यांपैकी काहीही फिरत्या भागाजवळ नको. गो-कार्टच्या चाकाजवळ ओढणी किंवा केस अडकून जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात झालेल्या आहेत. ‘ताई, स्कार्फ काढून बॅगेत ठेवा, केस वर बांधा’ हे दर फेरीला, दर सीटजवळ सांगावं लागतं. घसा बसतो, पण हे सांगणं सोडायचं नाही.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण कुठं आहे हे सगळे दाखवतात. ते दाबल्यावर पुढं काय होतं, हे तुम्ही विचारा. झुलत्या जहाजाची मोटर बंद झाली तरी जहाज काही वेळ झुलतच राहतं. आकाशपाळणा थांबला तर वरच्या डब्यातली माणसं वरच अडकतात. रोलर कोस्टरची गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत जाऊन थांबते. प्रत्येक राइडचं उत्तर वेगळं असतं आणि वीज गेली तर काय, हा जोडप्रश्नही असतोच. मे महिन्यात दुपारी चार वाजता वावटळ उठते, पाठोपाठ अवकाळीचे थेंब येतात आणि लाइट जाते. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. वाऱ्याचा वेग किती झाला की राइड बंद, हा आकडा राइड बनवणाऱ्या कंपनीने दिलेला असतो. तो पॅनेलजवळ चिकटवलेला आहे का ते बघा. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड आणि स्विमिंग पूल रिकामे करायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. मध्ये ऊन पडलं तरी ही वेळ कमी करायची नाही.

किल्ली पॅनेलला लावून पाणी प्यायला जायचं नाही. आत मेकॅनिक काम करत असेल तर स्विचला त्याचं स्वतःचं कुलूप आणि फलक असतो. ते कुलूप त्यानंच काढायचं. मॅनेजर सांगो, मालक सांगो, दुसऱ्या कुणी काढायचं नाही.

उंचीची पट्टी आणि रडणारं पोरगं

मोठ्या राइडना साधारण १२० सेंटिमीटरची, म्हणजे चार फुटांच्या आसपासची अट असते. कमी उंचीच्या मुलाच्या खांद्याला हार्नेस नीट टेकत नाही, मांडीवरचा बार पोटावर येतो आणि हिसक्याला मूल खालून घसरू शकतं. कारण माहीत असलं की नकार ठामपणे देता येतो. बूट-चप्पल काढून, टाचा टेकवून, भिंतीला पाठ लावून मोजा.

मग संवाद होतो तो असा: ‘अबे भाऊ, दोन बोटांचा तर फरक हाय, बसू दे ना. पोरगं रडून राहिलं.’ इथं वाद घालायचा नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्यांना मी एकच वाक्य देतो: ‘काका, ही पट्टी मशीन बनवणाऱ्याने ठरवलीय, ती बदलायचा अधिकार मला नाही. बाजूच्या राइडला याची उंची बसते, चला, मी दाखवतो.’ नकारासोबत पर्याय दिला की दहापैकी आठ जण निवळतात. उरलेले दोघे ‘ओळखतो का मी कोण आहे’ वर येतात. शहरात नगरसेवकांचे भाचे इतके कसे, हा एक न सुटलेला प्रश्न आहे. अशा वेळी आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवा आणि तो येईपर्यंत राइड थांबवून ठेवा. रांगेतली बाकीची मंडळी आपोआप तुमच्या बाजूने बोलू लागतात.

गरोदर बाईला थेट ‘तुम्ही गरोदर आहात का’ असं विचारू नका. गरोदरपण, पाठीचा त्रास, हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया असेल त्यांनी बसू नये, ही सूचना सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचा. ती मराठीत आणि हिंदीत दोन्हीत पाठ पाहिजे. सुट्ट्यांमध्ये छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडच्या गाड्या भरभरून येतात आणि ‘भैया, बच्चे को बैठने दो’ला उत्तर हिंदीतच द्यावं लागतं.

पाण्यावर नेमणूक झाली तर

गावच्या विहिरीत किंवा नदीत पोहता येणं आणि लाइफगार्ड असणं यांत फार अंतर आहे. प्रशिक्षित लाइफगार्डशिवाय तुम्हाला कुणी स्विमिंग पूलच्या कडेला एकटं उभं केलं, तर तसं उभं राहू नका. ट्रेनिंगमध्ये १०/२० चा नियम सांगतात: आपला वाट्याचा भाग दहा सेकंदांत नजरेखालून घालायचा आणि धोका दिसल्यावर वीस सेकंदांत तिथं पोचायचं. त्यामुळे तुम्हाला दिलेला भाग वीस सेकंदांत गाठता येण्याएवढाच हवा. सूर्याच्या चकाकीमुळे तळ दिसत नसेल तर जागा बदला किंवा ताबडतोब सांगा. नेमका तोच कोपरा धोक्याचा असतो.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर खाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग हाक कुठून मारणार? अंग उभं राहतं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबतात, पाय फारसे हलत नाहीत. लहान मूल तर वीसेक सेकंदांत गप खाली जातं, आणि शेजारीच उभ्या असलेल्या बापाला पत्ता लागत नाही. म्हणून आरडाओरडा करणाऱ्या पोरांच्या टोळक्यापेक्षा एका जागी गप्प झालेल्या डोक्याकडे जास्त लक्ष द्या. वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा होतो. तेवढ्या वेळात लहान मुलांना उथळ बाजूला घ्या. हात धरून साखळी करणाऱ्या, खांद्यावर बसणाऱ्या, दारूचा वास येणाऱ्या पाहुण्यांना आधी बाजूला काढा.

कुणी धडपडताना दिसलं की शिट्टी द्या आणि आधी काठी किंवा ट्यूब पुढं करा. उडी शेवटी. उडी मारावीच लागली तर ट्यूब घेऊनच. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर बुडण्याच्या बाबतीत आधी तोंडावाटे श्वास देतात, मग ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवतात. दाब मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. एकाकडे बोट दाखवून ‘लाल टी-शर्टवाले दादा, तुम्ही लावा’ असं म्हणा.

स्लाइडच्या वरच्या टोकावर उभं राहणाऱ्याचं काम एकच: खालचा पूल मोकळा झाल्याचा इशारा मिळेपर्यंत पुढच्याला न सोडणं. पाहुण्यानं पाठीवर झोपायचं, पाय पुढं, घोटे एकमेकांवर, हात छातीवर. डोकं पुढं करून जायचं म्हणणारा एकजण रोज भेटतो. त्याला हसत हसत परत बसवा.

कपड्यांवरून होणारी भांडणं दारातच मिटवा. नायलॉनचा पोशाख का, हे काकूंना समजावून सांगितलं तर बहुतेकींना पटतं: सुती कपड्याचे धागे सुटून फिल्टर तुंबतात, भिजलेली साडी पायात गुंडाळते, स्लाइडच्या जोडावर अडकते, जीन्स पाणी पिऊन जड होते. ‘नियम आहे’ म्हटलं की भांडण, कारण सांगितलं की बहुतेक वेळा नुसती कुरकुर.

पाण्याची चाचणी तुमच्याकडे नसली तरी आकडे माहीत असू द्या. मोकळं क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ दरम्यान हवा. भर उन्हात क्लोरीन झपाट्याने उडून जातं, त्यामुळे दुपारी पुन्हा मोजावंच लागतं. डोळे चुरचुरवणारा उग्र वास येत असेल तर पाणी स्वच्छ आहे असं समजू नका. घाम-लघवीशी क्लोरीनची क्रिया होऊन जे तयार होतं त्याचा तो वास असतो.

ऊन

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. २५ मेच्या सुमाराला नवतपा लागतो आणि त्या दिवसांत स्लाइडच्या टॉवरवरचं लोखंडी रेलिंग हातात धरवत नाही. ट्रेनिंग मार्चमध्ये झालं की हे सगळं थोडं सौम्य वाटतं, म्हणून आत्तापासून सवयी लावा. तहान लागायची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या. दिवसातून एकदा-दोनदा ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पन्हं घ्या. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट युनिफॉर्ममध्ये नसेल तर परवानगी मागा. सकाळी उपाशी येऊ नका, पण झणझणीत तर्री-पोहे चापून अकरा वाजता टॉवरवर चढू नका. हा सल्ला कुणी ऐकत नाही, तरी देऊन ठेवतो.

सहकारी चक्कर येते म्हणाला, घामाने निथळत असेल, तर सावलीत बसवून पाणी द्या. तो असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, अंग तापून चटके बसू लागले तर तो उष्माघात समजा, अंग कोरडं असो की घामेजलेलं. तेव्हा तोंडात पाणी ओतू नका. अंगावर गार पाणी घाला, मानेला-काखेत बर्फ लावा, पंखा धरा आणि १०८. पाहुण्यांची मुलं अनवाणी पळतात, तापलेल्या फरशीने तळव्यांना फोड येतात. वाटांवर पाणी मारायची पाळी कुणाची, हे रोज सकाळी ठरवून घ्या.

हरवलेलं मूल

रविवारी असं एक तरी होतंच. मुलाच्या उंचीला खाली बसा, त्याच्याशी बोला, पण त्याला घेऊन पार्कभर फिरू नका. सापडलं तिथंच थांबून वॉकी-टॉकीवर कळवा. भोंग्यावर मुलाचं नाव, वय, कपडे सांगू नका, पालकांना ऑफिसजवळ यायला सांगा. ‘मी याचा मामा’ म्हणत कुणी आलं तरी मुलाला लगेच देऊ नका. मुलाचं पूर्ण नाव, कपडे, सोबत कोण आलं होतं हे त्यानं आधी सांगायला हवं. शेवटचा निर्णय सिक्युरिटीचा. उलट प्रकार, म्हणजे आई घाबरून आली आणि मूल दिसत नाही, तर ते हरवलेलं नसून बुडालेलं असू शकतं असं धरून सगळ्यात आधी पाणी तपासा.

साइन-ऑफ

ट्रेनिंग संपताना प्रत्येक राइडसाठी वेगळी तोंडी परीक्षा आणि प्रत्यक्ष चाचणी होते, मग तुमच्या नावापुढं त्या राइडची नोंद होते. नोंद नसलेल्या राइडवर दोन मिनिटंही उभं राहायचं नाही. कसोटी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, गर्दीच्या दुपारी. एखादा सिनियर म्हणतो, ‘बस पाच मिनटं सांभाळ बे, मी जेवून येतो.’ तो वाईट माणूस नसतो, त्याला भूक लागलेली असते. त्याला सांगा, ‘दादा, माझं या राइडचं साइन-ऑफ नाही. तुम्ही राइड बंद करून जा, मी रांग सांभाळतो.’ तो रागावेल, संध्याकाळी विसरेल. काही विपरीत घडलंच तर चौकशीत पहिला प्रश्न ‘पॅनेलवर कोण होतं’ हाच असतो.

पहिला पगार आला की स्लिपवर हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ आणि ईएसआयची कपात ताडून बघा. फरक असेल तर त्याच आठवड्यात लेखी द्या. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शाळांच्या सहलींचा हंगाम असतो आणि तेव्हा उन्हाळ्यातल्या चांगल्या पोरांनाच फोन जातात. आपला नंबर सुपरवायझरकडे आहे ना, बघा. आणि अनुभवपत्र जूनमध्येच मागून घ्या. जुलैत पावसाची झड लागली की ऑफिसात सही करायला माणूस सापडत नाही.